अफू : वेदनेवरील औषध आणि जिवाचे बंधन

लखनौ शहराच्या नैर्ऋत्येस, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अमौसी हे ठिकाण आहे. शहराचा विमानतळ येथेच असून आखाती देशांकडे जाणारी विमानेही येथून सुटतात. अशा प्रवासास निघालेल्या कुटुंबाच्या सामानात लोणची, पापड, मसाले असतातच. मराठी कुटुंब असले तर अनारशांसाठी खसखशीची एखादी पुडीही असावयाची. परंतु संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास मनाई आहे आणि ती जवळ बाळगणारा प्रवासी मोठ्या संकटात सापडू शकतो. ज्या दाण्यांवाचून आपले अनारसे अपुरे राहतात, त्यांची कायद्याला इतकी धास्ती का वाटावी?

उत्तर त्या दाण्यांत नाही, दाणे ज्या बोंडात पिकतात त्या बोंडात आहे. पिकलेल्या खसखशीत मादक द्रव्य जवळजवळ नसतेच. मात्र बोंड हिरवे असताना त्याच्या सालीला चीर दिली तर पांढरा चीक पाझरतो. हा चीक वाळून तपकिरी होतो, तीच अफू.

अमौसीहून निघून लखनौ शहर ओलांडले आणि पूर्वेस गेले की बाराबंकी जिल्हा लागतो. सरकारी परवान्याने अफूची लागवड होते अशा देशातील मोजक्या जिल्ह्यांपैकी हा एक. फेब्रुवारीच्या सुमारास येथील शेते पांढऱ्या फुलांनी भरून जातात. फुले गळाली की दुपारच्या वेळी बोंडांवर बारीक पात्यांच्या हत्याराने चिरा देतात आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात. हा सारा चीक सरकारलाच विकावा लागतो. तो ज्या सरकारी कारखान्यांत जातो, त्यांपैकी गाझीपूरचा कारखाना 1820 सालचा आहे. तेथे अफूपासून मॉर्फीन, कोडीन इत्यादी औषधी द्रव्ये काढली जातात.

एका झाडाच्या चिकाने माणसाच्या मेंदूवर एवढी सत्ता का गाजवावी, हे कोडे फार काळ सुटले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्टुर्नर नावाच्या तरुण जर्मन औषधविक्रेत्याने अफूतील मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्यास नाव दिले. तेच पुढे मॉर्फीन म्हणून प्रसिद्ध झाले. पण ते मेंदूत नेमके काय करते हे समजावयास 1973 साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिले की, मेंदूतील पेशींवर मॉर्फीन नेमके बसेल अशी ग्रहणस्थाने असतात. कुलपात किल्ली बसावी तसे मॉर्फीन त्यांत बसते.

मग साहजिकच प्रश्न आला : माणसाच्या मेंदूत अफूच्या किल्लीचे कुलूप निसर्गाने कशासाठी बसविले? 1975 मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत त्याचे उत्तर मिळाले. मेंदू स्वतःच मॉर्फीनसारखे काम करणारी द्रव्ये तयार करतो. पुढे अशी आणखी द्रव्ये सापडली; त्यांपैकी एंडॉर्फीन हे नाव आता सर्वपरिचित आहे. शरीर ही द्रव्ये वेदना आवरण्यासाठी, अगदी मोजून मापून सोडते आणि काम होताच त्यांचे विघटन करते. कुलूप आपल्या घरच्या किल्लीसाठी होते. अफू ही त्यास लागू पडणारी परकी किल्ली होय. मात्र ती कितीतरी अधिक काळ कुलपातच राहते.

ही कुलपे शरीरात अनेक ठिकाणी आहेत आणि अफूचे सारे परिणाम त्यावरून उलगडतात. मज्जारज्जूत व मेंदूत ती वेदनेचा निरोप अडवितात. आतड्यात ती हालचाल मंदावतात. म्हणून मलावरोध होतो. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक होते. आणि मेंदूच्या बुडाशी, जेथून श्वासाचे नियंत्रण होते तेथेही ही कुलपे आहेत. मात्रा वाढली तर श्वास मंद होत होत थांबतो. अफूने मृत्यू येतो तो बहुधा या मार्गाने. दारू अथवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्यास हा धोका अनेक पटींनी वाढतो.

महाराष्ट्राने या धोक्याची फार मोठी किंमत मोजली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक माता दिवसभर मूल शांत पडून राहावे म्हणून त्यास अफूची गोळी चाटवीत. या गोळीला ‘बाळागोळी’ असे मायेचे नाव होते. त्या मातांना दोष देण्यात अर्थ नाही. दहा-दहा तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्या स्त्रीला दुसरा आधार नव्हता. पण तान्ह्या बाळाचे श्वसनकेंद्र अपक्व असते. गोळीने मूल रडावयाचे थांबे, त्याची भूक मरे आणि काही मुले पुन्हा जागीच होत नसत. आजही झोप लागावी म्हणून मोठ्यांचे खोकल्याचे औषध लहान मुलाच्या तोंडात घालणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

आता व्यसनाचा विचार करू. परकी किल्ली रोजच फिरू लागली की मेंदू स्वस्थ बसत नाही. तो आपली कुलपे बोथट करतो आणि दडपल्या गेलेल्या पेशींना अधिक जोराने कामास लावतो. त्यामुळे पहिली मात्रा पुरेनाशी होते. आणि अफू एकाएकी बंद झाली, तर दाबून धरलेली स्प्रिंग हात काढताच उसळावी तसे सारे शरीर उसळते. प्रत्येक लक्षण मूळ परिणामाच्या अगदी उलट असते : मलावरोधाच्या जागी जुलाब, गुंगीच्या जागी निद्रानाश, बारीक बाहुलीच्या जागी विस्फारलेले डोळे, वेदनाशमनाच्या जागी अंग मोडून काढणारी कळ. नाक वाहते, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो. ज्याने हे भोगले आहे तो पुढची मात्रा बहुधा सुखासाठी घेत नाही, या यातनेतून सुटण्यासाठी घेतो.

हेरॉइनसारख्या द्रव्याच्या बाबतीत ही शारीरिक यातना आठवड्या-दहा दिवसांत ओसरते. पण तेवढ्याने व्यसन सुटत नाही. मेंदूत डोपामीन या द्रव्याचा एक मार्ग आहे. अन्न, सहवास, यश यांचे मोल तो आपल्या स्मरणात कोरून ठेवतो. अफू तोच मार्ग काबीज करते. मग जुना मित्र दिसला, एखादी गल्ली ओलांडली, की वर्षा-दोन वर्षांनंतरही ओढ जागी होते. अशा वेळी माणूस घसरला आणि त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते. कारण मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते.

लखनौच्या रतननाथ सरशार यांच्या ‘फसाना-ए-आज़ाद’ या उर्दू कादंबरीत खोजी नावाचे अफूबाज पात्र आहे. वाचकांच्या पिढ्या त्याला हसत आल्या. मराठीतही अफूची तार हा थट्टेचाच विषय. मात्र 1980 नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या घरांत ‘गर्द’ शिरले, तेव्हा ही थट्टा आटली. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन; मॉर्फीनचेच एक रूप. जर्मनीच्या बायर कंपनीने 1898 साली हेरॉइन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते! अनिल अवचट यांनी गर्दविषयी लिहिलेले लेख पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी वाचले आणि त्यांच्या प्रतिष्ठानच्या साहाय्याने 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी ते घडविले. व्यसनी मनुष्य गुन्हेगार नव्हे, तो रुग्ण आहे, ही तेथील कामाची बैठक. कुलूप-किल्लीचे शास्त्र जे सांगते, त्याच्याशी ती पूर्णपणे जुळते.

मग अफूचे झाडच का नाहीसे करू नये, असे कोणी विचारील. लखनौच्याच केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘सुजाता’ नावाचे असे वाण तयार केले आहे की त्याच्या बोंडातून अफू मिळतच नाही, केवळ खसखस मिळते. परंतु सारीच शेते अशी झाली, तर कर्करोगाच्या असह्य वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णास द्यावयाचे मॉर्फीन कोठून येणार? 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक परवान्यांमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. ज्या देशाच्या शेतांत अफू पिकते, त्याच देशातील रुग्ण वेदनेत तडफडत मरण पावत राहिले. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन हा मार्ग पुष्कळसा सुलभ झाला. पण घरोघरीची भीती कायद्याने जात नाही. “बाबांना मॉर्फीनची सवय लागेल” या भयाने मुले वडिलांचे औषध नाकारतात. वैद्यकीय देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात आणि ठरलेल्या वेळी दिलेल्या मॉर्फीनने असे रुग्ण क्वचितच व्यसनी होतात. मलावरोधावर उपाय करता येतो आणि वेदना कमी झाली तर डॉक्टर मात्राही हळूहळू उतरवितात.

केंद्र शासनाच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 2 कोटी 26 लाख लोक अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन करतात. तेव्हा आपल्या घरापुरते काही नियम पाळणे इष्ट होय. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत व घरात साठवू नयेत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. परदेशी जाताना औषधांची चिठ्ठी जवळ ठेवावी, तेथील नियम आधी पाहावेत आणि अमिरातीस जाणार असाल तर खसखशीची पुडी घरीच राहू द्यावी. कोणी बेशुद्ध असून त्याचा श्वास मंद, ओठ निळसर व बाहुल्या बारीक दिसल्या, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वेळेवर दिलेले नॅलोक्झोन हे औषध किल्ली कुलपातून ढकलून काढते व प्राण वाचवू शकते. आणि घरातील कोणी या पाशात सापडला आहे असे कळले, तर त्याला कोंडून अथवा घराबाहेर काढून काही साधत नाही. 14446 या शासकीय दूरध्वनी क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राची माहितीही मिळते. पहिला दूरध्वनी त्याच्याऐवजी त्याच्या आईने अथवा भावाने केला, तरी चालतो.