लांब धावणं स्वस्त नाही

शाळांच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की वस्तीत एक वाद हमखास ऐकू येतो. मैदानी खेळांत कठीण कोणता? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. पाच हजार मीटर कठीण, शंभर मीटर म्हणजे बारा-पंधरा सेकंदांचा मामला. तरीही आपल्या पोराला खेळात घालायचं ठरलं की आपण लांब धावण्यातच घालतो, कारण त्याला काही लागत नाही. पुळण फुकट, रस्ता फुकट, पाय स्वतःचे.

मला हा हिशेब पटत नाही. खेळ किती कठीण ते धापेवरून ठरवू नये. रोजच्या सरावाला काय लागतं, ते घरात आहे का, आणि दुखणं आलं तर कोण सांभाळणार, हे आधी विचारावं.

शंभर मीटरचंच घ्या. पूर्ण जोराची एक धाव झाली की पुढच्या धावेआधी काही मिनिटं थांबावंच लागतं. पोर बसलेलं दिसलं की आपण ओरडतो, "बसलास काय?" पण ते बसणं सरावातच मोडतं. शिवाय वर्षभर घाम गाळून वेळ उतरते ती सेकंदाच्या काही दशांशांनी. जाणत्या शिक्षकाची नजर नसेल तर तेवढीही उतरत नाही. बांबूउडीबद्दल बोलायलाच नको. वजनाप्रमाणे वेगवेगळे बांबू आणि जाड गादी कुठून आणणार?

उंच उडीलाही गादी लागतेच. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या सर्वेश कुशारेसाठी त्याच्या शिक्षकांनी मक्याची भुसकटं आणि कापूस भरून गादी केली होती. तोच मुलगा २०२५ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. गादी नसेल तर पाठीवर पडायची उडी पुळणीत कुणालाही शिकवू देऊ नका. मानेला मार बसला तर तो आयुष्यभराचा.

आता लांब धावणं. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये गेला आणि धावपटू तिथेच घडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पूर्ण केली. सोनं हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागाने. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला त्याच पाण्याच्या उडीत त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. गरिबीतून आलेल्या पोराची ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण सैन्यात दोन वेळचं भरपूर जेवण, बूट आणि डॉक्टर मिळतो, हा भाग सांगायचा राहून जातो.

आपल्या घरात काय मिळतं? पेज, भात आणि मासळी मिळाली तर बांगडा-तारली. हे अन्न वाईट नाही, पण रोज आठ-दहा किलोमीटर धावणाऱ्या मुलीला ते कमी पडतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. अशा मुलीला "आणखी दोन फेऱ्या मार" म्हणणं म्हणजे रिकाम्या चुलीवर तवा तापवणं. धावायला लावण्याआधी रक्त तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती गिळते का, बघा. जेवणावर लगेच चहा नको, लिंबू चालेल. नाचणी, कुळथाची पिठी, अंडं वाढवा. सराव वाढला आणि पाळी थांबली, तर "बरं झालं, कटकट गेली" असं समजू नका. शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

पुळणीचंही तसंच. कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ताणली जाते. ओली वाळू घट्ट असते, पण समुद्राकडे उतरती. एकाच दिशेने धावलं तर एक पाय सतत खाली पडतो, म्हणून जाताना जेवढं तेवढंच येतानाही त्याच उतारावरून धावावं. जून ते सप्टेंबर पुळण समुद्राच्याच ताब्यात असते. तेव्हा डांबरी रस्ता उरतो आणि नडगी दुखायला लागते.

गोळाफेकीकडे मात्र आपण बघतच नाही. अंगाने भरलेल्या मुलीला आपण "तुला धावता येत नाही" म्हणून घरी बसवतो. गोळाफेकीला सात फुटांचं वर्तुळ, लोखंडी गोळा आणि पुढे मोकळी जागा लागते. मोठ्या स्त्रियांचा गोळा ४ किलोचा, शाळेतल्या मुलींचा हलका. सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने एक हात अधू असताना २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतलं. यातही तंत्र कठीण आहे, खाणं लागतंच. पण चार महिन्यांच्या पावसात हा सराव छपराखाली उभ्या-उभ्याही चालू ठेवता येतो.

आणि जो धावतोच आहे, त्याची नडगी एकाच बोटभर जागी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडाचा फोटो काढून घ्या. पहिल्या फोटोत काही दिसलं नाही तरी दुखणं जाईपर्यंत थांबवाच. तेल चोळून पुन्हा मैदानात पाठवू नका.