फ्यूज तारेचा रक्षक, माणसाचा नव्हे

बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने मृत बेडकाचे स्नायू विजेच्या स्पर्शाने आखडतात हे १७९१ साली जगापुढे मांडले, आणि पुढे लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी हृदयाचे विद्युत्स्पंदन रेखांकित करण्याची रीत सिद्ध करून १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. परंतु ज्या हृदयाची वीज त्वचेवर मोजू गेल्यास जेमतेम एक सहस्रांश व्होल्ट भरते, त्याच्या शेजारी घरोघर २३० व्होल्टची वीज नांदविताना त्याच्या रक्षणाची तजवीज मात्र आपण अजून पुरती केलेली नाही.

फ्यूज आहे, मग धास्ती कसली, असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो घातक आहे. ओल्या त्वचेच्या माणसाचा विद्युत्‌रोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या देहातून जाणारा प्रवाह २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी भरतो. दहाच्या आसपास मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडून धरलेली तार सुटेनाशी होते, आणि शंभराच्या आसपासचा प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय मोडून ते नुसते थरथरत राहते. पाच अँपिअरच्या फ्यूजला या साऱ्याची वार्ताही लागत नाही. त्यात फ्यूजचा कसूर नाही. तार तापून घराला आग लागू नये, एवढ्याचसाठी त्याची योजना आहे.

पत्र्याच्या खोलीत मीटरपासून नेलेल्या वायरचे आवरण पत्र्याच्या काठाला घासून झिजते, पावसात सारा पत्रा आणि त्याला बांधलेली कपडे वाळत घालायची तार जिवंत होते, आणि ओले लुगडे टाकायला गेलेली बाई तिला चिकटते. तिला ओढायला धावलेला मुलगाही त्याच वाटेने जातो, आणि सरकारदप्तरी अकस्मात मृत्यूचे दोन पंचनामे दाखल होतात. रात्रीच्या पाळीच्या विजेवर मोटर सुरू करण्यासाठी चिखलातून अनवाणी स्टार्टरपर्यंत जाणाऱ्या शेतकऱ्याची गत याहून निराळी नाही. मुरमाड, कोरड्या जमिनीत पुरलेल्या अर्थिंगवर तर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडताच निमिषार्धात पुरवठा तोडणारे आरसीसीबी नावाचे उपकरण बाजारात सर्रास मिळते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही, हे खरे. परंतु असे प्रसंग थोडे, आणि जमिनीकडे प्रवाह जाऊन होणारे अपघात फार. जुन्या वायरिंगमुळे ते वारंवार पडते म्हणून त्याला वगळून जोडणी करून देणारे वायरमन आहेत, आणि त्यांना तसे सांगणारे घरमालकही आहेत. वस्तुतः ते पडते तेव्हा कुठेतरी वीज गळत असल्याची वर्दीच देत असते, आणि ती वर्दी आणणाऱ्यालाच हाकलून देण्याचा हा प्रकार आहे.

घर लहान असो, झोपडी असो वा शेतपंप असो, मीटरच्या शेजारी हे उपकरण असल्याखेरीज नवी जोडणी देऊ नये, आणि ज्यांना त्याचा खर्च पेलत नाही त्यांचा भार सरकारने उचलावा. वाचकांनीही आज आपल्या घरची पेटी उघडून पाहावी: ‘टेस्ट’ असे लिहिलेले बटण तिथे असेल तर ते दाबून पुरवठा तुटतो की नाही याची खात्री करावी, आणि नसेल तर पावसाळ्याची वाट न पाहता वायरमनला बोलवावे.