विभूती आपल्या अंगणातल्या

देवाच्या शोधात हिंदू माणूस हिमालयात जातो, काशीला जातो, पंढरीची वाट चालतो. तीर्थयात्रेचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. पण याच समाजातील आज्या-पणज्या पहाटे अंथरुणातून उठताना भूमीला पाय लागणार म्हणून तिची क्षमा मागत, तुळशीला पाणी घालून मगच चुलीकडे वळत आणि स्वतः जेवण्याआधी गाईचा घास बाजूला काढून ठेवत. त्यांच्यापैकी बहुतेकींनी उपनिषदे वाचलेली नव्हती. मात्र ईशतत्त्व चराचराला व्यापून आहे, हा उपनिषदांचा सिद्धान्त त्या रोज जगत होत्या. अध्यात्मासाठी त्यांच्या दिवसात वेगळा तास राखून ठेवलेला नव्हता. स्वयंपाक, सडासंमार्जन, दळणकांडण याच वाटेने ते घरात वावरत असे.

या सहज अध्यात्माचे मर्म ज्यांनी अतिशय सुबोध शब्दांत उलगडून दाखवले, ते आचार्य विनोबा भावे पनवेलच्या शेजारचेच. पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली. त्यांतील दहाव्या अध्यायावरचे प्रवचन आज आवर्जून वाचावे असे आहे. मूल जसे आधी मोठी, सोपी अक्षरे गिरवते आणि मग जोडाक्षरांकडे वळते, तसाच परमेश्वरही वाचायला शिकावा, असे विनोबांनी तेथे सांगितले आहे. आई, गुरू, संत ही सोपी अक्षरे. मग सूर्य, नदी, वारा, त्यानंतर पशुपक्षी. दुर्जनातला परमेश्वर ओळखणे हे सर्वांत कठीण जोडाक्षर.

मुळात हा अध्याय अर्जुनाच्या एका व्यावहारिक प्रश्नातून फुलतो. तुझे चिंतन कोणकोणत्या रूपांत करू, असे तो विचारतो. उत्तरादाखल भगवंत हिमालय, गंगा, अश्वत्थ, वारा, मार्गशीर्ष महिना, वसंत ऋतू अशी डोळ्यांना दिसणारी, अंगाला जाणवणारी नावे सांगतात आणि आपल्या विभूतींना अंत नाही, असेही स्पष्ट करतात. याचा अर्थ उघड आहे. ही यादी बंद झालेली नाही. ती प्रत्येक गावाने आपापल्या अंगणात पुढे न्यायची आहे.

पनवेलकरांनी ही यादी लिहायला घेतली, तर पाने अपुरी पडतील. माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी नदी हीच येथील गंगा. देहरंगच्या धरणात अडवलेले तिचे पाणी शहराच्या नळांना येते. प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा आणि कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका हे येथील हिमालय. या सुळक्याच्या पोटात पाण्याची टाकी आहेत आणि कड्यावर मधमाश्यांची पोळी. १९६८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या कर्नाळ्याच्या रानात पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या येतो. मुठीएवढा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीत चोचीने बीळ खोदतो आणि बेडूक, सरडे, खेकडे आणून पिले वाढवतो. त्याला पाहताना ज्याचे मन क्षणभर स्तब्ध होते, त्याला दर्शन या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. याच डोंगरांच्या कुशीतील ठाकूर आणि कातकरी बांधव वाघबारसेला वाघदेवाची पूजा करतात. ज्याचे भय वाटते त्याच्याही ठायी देव पाहणारी ही दृष्टी विनोबांच्या जोडाक्षरांपर्यंत केव्हाच पोहोचलेली आहे.

प्रश्न आहे तो ही दृष्टी टिकण्याचा. १८५२ सालची नगरपालिका असलेले हे जुने गाव २०१६ साली महानगरपालिका झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच तालुक्यात नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. राष्ट्राला विमानतळ हवेत, रस्ते हवेत, तरुणांना रोजगार हवा. याबद्दल वाद असू नये. पण घरासाठी झाड तोडताना त्याला नमस्कार करून क्षमा मागणारी परंपरा आपली आहे. टेकडी गेली याचे दुःख करण्यापेक्षा, ती जाताना कोणाला काही वाटले का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. भूमीला माता म्हणायचे आणि तिच्याकडे केवळ चौरस फुटांच्या हिशेबाने पाहायचे, या दोन्ही गोष्टी एका मनात फार काळ नांदू शकत नाहीत.

दोष एकट्या विकासाच्या माथी मारणेही सोयीचे ठरेल. नदीला देवी मानणारे हातच प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य पुलावरून पात्रात फेकतात. गणेशाला वाहायच्या एकवीस पत्री बाजारातून जुडीने येतात. त्यांतली आघाडा कोणती आणि शमी कोणती, हे घरातल्या मुलांना सांगता येत नाही. आचार उरतो आणि त्यामागचा भाव निसटतो, तेव्हा धर्माचे कर्मकांड होते. ही झीज बाहेरच्या कोणी घडवून आणलेली नाही.

ती भरून काढण्याचे मार्गही घरातच आहेत. विसाव्या मजल्यावरच्या सज्जातही तुळस वाढते. कोकणात गौर म्हणून घरी येणारा तेरडा मुलांना रानात नेऊन दाखवता येतो. सोसायटीतील निर्माल्याचे खत करून तेथल्याच झाडांना घालणे हीदेखील पूजाच आहे. आणि यादीचे पहिले पान आई, गुरू, संत या माणसांचे आहे, हेही विसरून चालणार नाही. नेऱ्याजवळच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांची सेवा झाली. समाजाने दूर लोटलेल्या माणसात परमेश्वर वाचणारे लोक याच तालुक्यात होऊन गेले.

चराचरात ईश्वर आहे असे म्हणणे सोपे आहे. गाढीच्या पाण्यात, कर्नाळ्याच्या पाखरात आणि दाराशी आलेल्या श्रमिकात तो ओळखून त्याप्रमाणे वागणे, ही साधना आहे. तिला ना दीक्षा लागते, ना प्रवासखर्च. उद्या सकाळी नळ सोडताना ते पाणी कोणत्या डोंगरातून आले, एवढे जरी घराघरांत आठवले, तरी तिचा आरंभ झाला असे म्हणता येईल.