बोरघाट आणि १८३० चें साल

इतिहास सांगणारे १८१८ सालीं थांबतात. आमच्या मतें कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यास त्याहून मोठें साल १८३० होय. तोंपर्यंत खोपोलीहून घाट चढणारा माल बैलांच्या पाठीवरून जाई. १८०४ त वेलस्ली सेनापतीनें (हा गृहस्थ जन्मानें आयर्लंडचा) वाट सुधारली, पण ती तोफांसाठीं, भातासाठीं नव्हे. १८३० त गव्हर्नर माल्कम यांनीं गाडीरस्ता खुला केला. देशावरचा कापूस गाड्यांतून पनवेल बंदरास उतरूं लागला आणि आमच्या गाडीबैलांस मोल आलें. १८६३ त आगगाडी घाट चढली व ती कमाई आटली. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. जमीन आमची, नाका दुसऱ्याचा!

रस्त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु फेरफार लिहितां लिहितां आमची नोकरी सरली. विकलेलें खाचर पुन्हां घरच्या नांवावर चढलेलें क्वचितच दिसलें. यास्तव मंडळीनें रस्त्यालगत सामाईक गुदाम बांधावें, म्हणजे सुगीच्या पडत्या भावांत भात व्यापाऱ्याच्या पदरीं घालावें लागणार नाहीं. जागेची वर्गणी मात्र याच हंगामांत जमवावी. तेथील खाचरें झपाट्यानें विकलीं जात आहेत.