गिंडीचे घोडे आणि हातातले पत्ते

पत्त्यांचा डाव संपला की घरोघरी एक वाद ठरलेलाच. जिंकणारा म्हणतो, ‘डोके लागते!’ हरणारा म्हणतो, ‘पानेच वाईट आली.’ असाच वाद चेन्नईतील गिंडीच्या रेसकोर्सवरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९७४ साली तामिळनाडू सरकारने कायदा करून घोड्यांवरील पैज जुगारात जमा केली. मद्रास रेस क्लब त्याविरुद्ध लढला. जानेवारी १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. रमीला हा मान १९६७ मध्येच मिळाला होता.

मग पोकरचे काय? त्यातला ‘ओमाहा’ हा प्रकार पाहिला, तर कौशल्य कशाला म्हणतात ते नीट कळते. यात प्रत्येकाला चार पाने मिळतात. मध्ये सर्वांसाठी आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने उघडतात. हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन पाने घेऊन डाव जुळवायचा. लागोपाठची पाच पाने जुळली की ‘स्ट्रेट’ झाला.

समजा, मध्ये नव्वी, अठ्ठी आणि दुर्री उघडली आहे. हातात गुलाम, दश्शी, सत्ती आणि छक्की आहे. आता राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की, पंजी यांपैकी कोणतेही पान आले तरी स्ट्रेट होतो. राणी आणि पंजी प्रत्येकी चार शिल्लक, बाकीची चार पाने प्रत्येकी तीन. एकूण कामाची पाने वीस! न दिसलेली पाने पंचेचाळीस. म्हणजे पुढच्याच पानावर डाव लागण्याची शक्यता ४४ टक्के. नवखा खेळाडू इथेच हुरळतो.

मुरलेला खेळाडू मात्र पुन्हा मोजतो. गुलाम आला, तर आपला स्ट्रेट सत्तीपासून गुलामापर्यंत. पण समोरच्याकडे राणी आणि दश्शी असेल, तर त्याचा अठ्ठीपासून राणीपर्यंत, म्हणजे वरचढ. दश्शी आली तरी तोच धोका, कारण समोर राणी-गुलाम असू शकतात. तेव्हा ही सहा पाने कच्ची. पक्की राहिली चौदा. शक्यता उतरली ३१ टक्क्यांवर. त्यातून मध्ये दोन पाने बदामाची असली आणि तिसरे बदाम पडले, तर पाचही बदाम जुळवणारा स्ट्रेटवाल्याला हरवतो. म्हणजे हिशेब आणखी घटला. नुसत्या वाईट पानांवर कोणी फार पैसे लावत नाही. माणूस बुडतो तो ‘जवळजवळ चांगल्या’ पानांवर.

वीसातून सहा वजा करणे हे कौशल्य खरेच. पण इतके अचूक मोजूनही पंचेचाळीसपैकी एकतीस पाने आपल्या कामाची नसतात. न्यायालय कौशल्य मोजते, घरखर्चाला मात्र हार मोजावी लागते. कर्जापायी झालेल्या आत्महत्यांचा दाखला देत तामिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पैसे लावून ऑनलाइन रमी आणि पोकर खेळण्यावर बंदी घातली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे दोन्ही खेळ कौशल्याचे ठरवून बंदीचा तेवढा भाग रद्द केला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. पैसे लावून खेळायचे सर्वच ऑनलाइन खेळ बंदीच्या कक्षेत आणले. ज्या गिंडीने कौशल्याची लढाई जिंकली, तिथल्या रेसकोर्सच्या जमिनीचा भाडेपट्टाही २०२४ मध्ये सरकारने रद्द केला.

तरी पाने मोजण्यातली गंमत काही कमी होत नाही. सुट्टीच्या दुपारी मुलांना घेऊन बसावे, पैशांऐवजी चिंचोके लावावेत आणि प्रत्येक डावाआधी विचारावे, ‘कामाची पाने किती? आणि त्यातली पक्की किती?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ लागले, की पोर हिशेबात पक्के झाले. चिंचोके हरले तरी संध्याकाळी डब्यात परत भरता येतात.