‘योग्य प्रशिक्षित’ म्हणजे कोण?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये पर्यायी उपचारपद्धतींसंबंधी एक आदेश काढला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवर तो आधारलेला होता. आयुर्वेद, सिद्ध, युनानी, होमिओपथी, योग व निसर्गोपचार यांखेरीज अन्य कोणत्याही पद्धतीला स्वतंत्र चिकित्साशास्त्र म्हणून मान्यता देण्यास समितीने नकार दिला. ॲक्युपंक्चर आणि संमोहनोपचार यांच्यापुरते मात्र एक दार किलकिले ठेवले. ही स्वतंत्र शास्त्रे नव्हेत, उपचाराचे प्रकार आहेत. नोंदणीकृत चिकित्सकांनी अथवा ‘योग्य प्रशिक्षित’ व्यक्तींनी त्यांचा वापर करण्यास हरकत नाही, असे ठरले. मान्यता नसलेल्या पद्धतींच्या नावाने पूर्णवेळ पदव्या देऊ नयेत आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त पद्धतींच्या चिकित्सकांनीच लावावी, हेही त्याच वेळी बजावण्यात आले.

या आदेशाला दोन दशके उलटून गेली. संमोहनोपचारकांची नोंदणी करणारी, त्यांच्या शिक्षणाचा दर्जा ठरविणारी आणि रुग्णाची तक्रार ऐकून घेणारी कायदेशीर परिषद देशात आजही नाही. ‘योग्य प्रशिक्षित’ हे दोन शब्द तसेच हवेत लोंबकळत राहिले आहेत. जेथे शासन बोलत नाही तेथे बाजार बोलू लागतो, हा नेहमीचा अनुभव येथेही आला. शनिवार-रविवारच्या शिबिरात संमोहन शिकवून सोमवारी हातात प्रमाणपत्र ठेवणारे वर्ग शहरोशहरी निघाले. पहिली पातळी, दुसरी पातळी, मग प्रशिक्षकांचा प्रशिक्षक अशी उतरंड रचली गेली. प्रत्येक पायरीचे शुल्क निराळे. पूर्वजन्माची सफर घडविण्याचे तंत्र हाही याच मालातला एक नग ठरला.

या वर्गांना जाणारा तरुण लोभी किंवा भोळसट आहे असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होईल. मानसशास्त्रात एम. ए. झालेल्या हजारो मुलामुलींपुढे, विशेषतः मुलींपुढे, आज रस्ता कोणता आहे? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद होण्यासाठी दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. हा दीर्घकाळ मुख्य मार्ग होता आणि त्याच्या जागा फार थोड्या होत्या. पुढे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम. फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरविले आणि नंतर या एका विषयाला काही वर्षांची सवलत देणे त्याला भाग पडले. सरकारी दवाखान्यात पदे नाहीत. असलेली बहुतेक कंत्राटी. अशा स्थितीत ‘दोन दिवसांत स्वतंत्र व्यवसाय’ असे आश्वासन देणारी जाहिरात त्या मुलीला खुणावते, तर दोष तिचा किती आणि तिला शिकवून वाऱ्यावर सोडणाऱ्या व्यवस्थेचा किती, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

पुरोगामी चळवळीतील काही मित्र हा सारा प्रकार बुवाबाजीच्या खात्यात टाकून मोकळे होतात. ही भूमिका सोयीची आहे. परंतु ती विज्ञानाला धरून नाही. मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची तपासणी करण्यासाठी फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये जो आयोग नेमला त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखे लोक होते. त्यांनी चुंबकत्वाची कल्पना खोडून काढली आणि दिसणारे परिणाम कल्पनाशक्तीचे आहेत असा निर्वाळा दिला. परंतु कल्पनाशक्तीने शरीरावर परिणाम होत असेल, तर तीच अभ्यासाची गोष्ट नव्हे काय? मँचेस्टरचा शल्यविशारद जेम्स ब्रेड याने १८४३ च्या आपल्या ग्रंथात नेमके हेच केले. चुंबकत्वाला निरोप देऊन त्याने एकाग्रता आणि सूचना यांच्या आधारे या अवस्थेची उपपत्ती लावली. ‘हिप्नॉटिझम’ हे नावही त्याच्यामुळेच रूढ झाले.

भारताचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यविशारद जेम्स एस्डेल याने १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना निश्चेष्ट करून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्याची पहिली शस्त्रक्रिया झाली ती एका कैद्यावर. १८४६ मध्ये सरकारने त्याला कलकत्त्यात प्रयोगासाठी रुग्णालय दिले. रुग्णाच्या अंगावरून तासन् तास हात फिरविण्याचे कष्टाचे काम एस्डेल स्वतः करीत नसे. ते त्याच्या हाताखालचे हिंदू व मुसलमान तरुण, रुग्णालयातील कंपाउंडर आणि मलमपट्टी करणारे, करीत असत. इतिहासात नाव राहिले ते साहेबाचे. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि हा प्रयोग मागे पडला. तथापि ही विद्या साध्या माणसांनी रुग्णालयात, शल्यविशारदाच्या देखरेखीखाली वापरली होती, ही गोष्ट आजच्या चर्चेत मोलाची आहे.

विसाव्या शतकात संमोहनाची पारख अधिक काटेकोरपणे झाली. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५८ मध्ये योग्य शिक्षण घेतलेल्या चिकित्सकाच्या हाती त्याचा उपयोग मान्य केला. मँचेस्टर येथील व्हॉर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये आतड्याच्या दीर्घकालीन त्रासावर, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘आय. बी. एस.’ म्हणतात त्या विकारावर, संमोहनाचा चांगला उपयोग होतो असे दाखविले. २००८ मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेने औषधांनी वर्षभरात आराम न पडलेल्या रुग्णांसाठी त्याचा विचार करण्यास सांगितले. वेदनेची बोच सूचनेने कमी होते तेव्हा मेंदूच्या विशिष्ट भागातील हालचालही बदलते, हे १९९७ मध्ये रेनव्हिल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसले. बेल्जियममधील लिएज येथे १९९२ पासून स्थानिक भूल आणि संमोहन यांच्या जोडीने हजारो शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

याच्या उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. धूम्रपान सोडविण्याच्या कामी संमोहन अन्य उपायांपेक्षा सरस ठरते असा निःसंदिग्ध पुरावा नाही, हा २०१९ च्या कॉक्रन आढाव्याचा निष्कर्ष आहे. संमोहनाने ‘दडलेल्या आठवणी’ वर येतात ही समजूत तर घातकच ठरली. सूचनेच्या प्रभावाखाली माणूस न घडलेली गोष्टही घडली असे खात्रीने सांगू लागतो. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये संमोहित केलेल्या साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरण्यास नकार दिला. या जन्मीच्या आठवणींची ही कथा असेल, तर पूर्वजन्मीच्या आठवणींचे मोल काय करावे? शोकाने खचलेल्या माणसाला मागल्या जन्मीच्या पापाचा दाखला देणे हा उपचार नव्हे. ते कर्मविपाकाचे जुनेच गाठोडे आहे. फक्त त्यावर विज्ञानाचे वेष्टन चढले आहे.

यावरून प्रशिक्षणाचा खरा मुद्दा ध्यानी येतो. माणसाला संमोहित करणे ही अवघड कला नाही. सराव केला तर ती थोड्या दिवसांत साधते. अवघड आहे ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे. समोर बसलेल्या माणसाची डोकेदुखी ताणाची आहे की मेंदूतील गाठीची? त्याचे झटके मनाचे आहेत की अपस्माराचे? त्याला ऐकू येणारे आवाज हा गंभीर मनोविकार तर नव्हे? ज्याला हे ओळखता येत नाही, त्याच्या हातातले संमोहन म्हणजे रोग झाकून ठेवणारी चादर होय. शिवाय डोळे मिटून दुसऱ्याच्या शब्दाधीन झालेला माणूस दुबळ्या स्थितीत असतो. त्याची पूर्ण संमती, त्याची गुप्तता आणि उपचारकाने पाळावयाची मर्यादा यांचे शिक्षण शिबिरातील एका व्याख्यानात होत नसते. ते वरिष्ठांच्या नजरेखाली, प्रत्यक्ष रुग्णांसमवेत, चुका दुरुस्त होत होत घडते. म्हणून संमोहन हा वेगळा पेशा मानणेच चुकीचे आहे. ते डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ यांच्या पेशात भर घालणारे एक हत्यार आहे. जो रोग संमोहनाशिवाय हाताळण्याची आपली पात्रता नाही, तो संमोहनाने हाताळण्याचीही पात्रता आपल्यापाशी नाही, ही साधी कसोटी लावली तर निम्मे प्रश्न सुटतील.

१९५७ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील चिकित्सा संमोहन संस्था याच तत्त्वावर चालते. आरोग्यक्षेत्रातील परवानाधारकांनाच ती शिकविते, आणि तिचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी किमान ४० तासांच्या कार्यशाळांखेरीज २० तासांचे वैयक्तिक मार्गदर्शन घ्यावे लागते. परंतु परदेशातील सर्वच अनुकरणीय आहे असे नव्हे. ब्रिटनमध्ये रंगमंचावर संमोहनाचे खेळ करणाऱ्यावर १९५२ च्या कायद्याने निर्बंध घातले. उलट दवाखान्याची पाटी लावून बसणाऱ्या संमोहनोपचारकाची उपाधी मात्र तेथे कायद्याने संरक्षित नाही. करमणुकीला परवाना आणि उपचाराला मोकळीक, असा हा उलटा न्याय आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो समाजवादी विचारातूनच येईल. पदव्यांची भिंत उंच केली म्हणजे उपचार हा मूठभर उच्चशिक्षितांचा मक्ता होणार नाही काय? हा आक्षेप हलका नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना मानसिक विकार असल्याचे आढळले; आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. सारे काम तज्ज्ञांवरच सोपवावयाचे तर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने आयुष्यभर वाटच पाहावी लागेल.

या आक्षेपाचे उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून उभे केले. नैराश्यावरील त्यांच्या कामाची शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि तिचे अनुकूल निष्कर्ष २०१६-१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. हे काम संमोहनाचे नव्हते, हे खरे. परंतु त्यातला धडा येथेही लागू पडतो. त्या समुपदेशकांपाशी पदवी नव्हती, पण ठरलेली पद्धत होती, देखरेख होती आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण पुढे पाठविण्याची सोय होती. शिबिरातून बाहेर पडणाऱ्या उपचारकापाशी प्रमाणपत्र असते आणि यांपैकी काहीच नसते. तेव्हा प्रश्न पदवीधर विरुद्ध सामान्य माणूस असा नाही. उत्तरदायी विरुद्ध बेजबाबदार असा आहे.

या विवेचनातून काही मागण्या सरळ निघतात. एक, २००३ च्या आदेशातील ‘योग्य प्रशिक्षित’ या शब्दांची व्याख्या शासनाने करावी. किती तास शिक्षण, किती रुग्ण, कोणाची देखरेख हे त्यात नमूद असावे. दोन, संमोहनोपचारकांची जाहीर नोंदवही ठेवावी आणि रुग्णाला तक्रार करण्यासाठी ठिकाण असावे. तीन, हे शिक्षण सार्वजनिक संस्थांत, परवडणाऱ्या शुल्कात मिळावे. सरकारी वैद्यकीय व दंत महाविद्यालये, परिचारिकांची विद्यालये आणि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये यांतून ते देता येईल. भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलताना त्याची वेदना हलकी करू शकणारी परिचारिका ही कोणत्याही खासगी ‘मास्टर ट्रेनर’पेक्षा समाजाच्या अधिक उपयोगाची आहे. चार, १९९६ पासून चालू असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील पदे कायम स्वरूपाची करून वेळच्या वेळी भरावीत. नोकरी असेल तर मानसशास्त्र शिकलेल्या मुलीला प्रमाणपत्रांच्या बाजारात उभे राहावे लागणार नाही.

कार्यकर्त्यांनाही यात काम आहे. आपल्या गावात असे वर्ग भरत असतील तर तीन साधे प्रश्न जाहीरपणे विचारावेत: शिकविणाऱ्याची मूळ वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय पात्रता कोणती? शिकणाऱ्याला किती रुग्ण देखरेखीखाली पाहावयास मिळतात? चूक झाली तर जबाबदार कोण? हे विचारताना वर्गाला गेलेल्या तरुणांची टिंगल करू नये. त्यांना बरोबर घेऊनच सरकारी शिक्षणाची आणि सरकारी पदांची मागणी लढवावी लागेल; कारण फसविला गेलेला विद्यार्थी आणि चुकीच्या हातात सापडलेला रुग्ण ही एकाच धंद्याची दोन गिऱ्हाइके आहेत.

मनाचे दुखणे अंगावर काढणारा माणूस बहुधा गरीब असतो, लाजेने गप्प असतो आणि कोणी चार शब्द प्रेमाने बोलले तर त्यावर विश्वास ठेवतो. शब्दांनी बरे करणारी विद्या अशा माणसापर्यंत पोहोचली पाहिजे यात शंका नाही. ती विकत घेतलेल्या प्रमाणपत्राच्या बळावर पोहोचणार की सार्वजनिक जबाबदारी म्हणून, याचा निर्णय मात्र शासनाने आणखी वीस वर्षे लांबणीवर टाकता कामा नये.