विष वरून की खालून?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. पीक डोक्याएवढे वाढलेले, पाठीवर पंप, अंगावर भिजलेला सदरा आणि तोंडाला जुना रुमाल. आज याच दृश्याकडे बोट दाखवून ड्रोनचा पुरस्कार केला जातो. यंत्र विष वाहील, माणूस दूर राहील, हा युक्तिवाद खोटा नाही. तो अपुरा आहे.

पाठीवरच्या पंपाने एकरी १५० ते २०० लिटर पाणी लागते. ड्रोन तेच काम सुमारे १० लिटरमध्ये उरकतो. विषाची मात्रा तीच राहिली, तर द्रावण पंधरा-वीस पटींनी तीव्र होते. ते कालवून टाकीत ओतणारे हात माणसाचेच असतात. वारा फिरला की त्याचे सूक्ष्म तुषार बांध ओलांडून शेजारच्या शेतात निंदणाऱ्या बायांवर पडतात. केरळात कासारगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. त्याची फळे भोवतालच्या वस्त्यांनी भोगली. पिकालगत उडणारा ड्रोन म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे हे मान्य. पण आकाशातून पडणारे विष सातबारा पाहून पडत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

आणि यंत्र कोणाचे? २०२३ साली केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान. उरलेल्या रकमेचा भार गटावर. भगिनींच्या हाती यंत्र यावे, याचे स्वागतच आहे. परंतु ज्या भूमिहीनाचा फवारणीचा रोज बुडाला, त्याचे नाव या हिशेबात कोठे आहे?

फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे असलेच पाहिजेत, असे १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात. एका ड्रोनच्या अनुदानात किती मजुरांना हातमोजे, मुखवटे आणि न गळणारे पंप मिळाले असते? ते दिले गेले नाहीत, कारण मजुराचा जीव स्वस्त मानला गेला. जी व्यवस्था रुमालाऐवजी मुखवटा देऊ शकली नाही, ती ड्रोन देऊन पापमुक्त होत नाही.

विरोध यंत्राला नाही. जहाल विषांवर बंदी, फवारणीपूर्वी शेजाऱ्यांना सूचना, बाधितांना भरपाई आणि बुडालेल्या रोजगाराच्या जागी काम, या मागण्या गावोगावच्या ग्रामसभांत मांडल्या गेल्या पाहिजेत. त्या मान्य होईपर्यंत ‘वरून की खालून’ हा वाद म्हणजे विष तेच ठेवून फक्त हात बदलणे होय.